दातांच्या खुणा आणि घरची कपाटं : सूचीच्या कामाच्या नोंदी

11 जून 2025

कामाची आखणी आज पक्की झाली. खजुरी बाजारातल्या आमच्या दुकानात जी जुनी मराठी पुस्तकं येतात, ती बहुतेक सगळी इंदुरातल्याच घरांतून येतात. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, राजवाड्याच्या आसपासचे जुने वाडे. मुलं पुण्याला किंवा त्याच्याही पलीकडे असतात, घर पाडून इमारत व्हायची असते आणि आजोबांचं कपाट रिकामं करायला कुणीतरी हवं असतं. मी जाते, बघते, भाव ठरवते, पुस्तकं रिक्षात भरते. दुकानात आली की कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं एकीकडे, पोथ्या वरच्या फळीवर. मग ती कधी एका कपाटात शेजारी शेजारी होती, याचा मागमूस राहत नाही.

तो राहायला हवा. मराठी साहित्य संमेलन या गावात 1917, 1935 आणि 2001 अशी तीनदा भरलं. त्यामागे इथल्या घराघरांतलं वाचन होतं आणि त्याचा पुरावा या कपाटांत आहे. म्हणून यापुढे घरागणिक वेगळी सूची करायची आणि प्रत्येक सूचीआधी त्या घराबद्दल दोन-तीन पानांचं टिपण लिहायचं. वर्षअखेरीपर्यंत पुरेशी घरं झाली तर पुस्तिका.

लिहायची वेळ सकाळी सहा ते साडेआठ, दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर ठेवून. खंड्या सोबत असतोच. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी हे पिल्लू राजवाड्याच्या मागून उचलून आणलं होतं. तिथे आत होळकरांच्या कुलदैवताचं, मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, म्हणून नाव खंड्या. आता त्याचं तोंड पांढरं व्हायला लागलंय. टेबलाखाली माझ्या पायांच्या आणि रद्दीच्या गठ्ठ्याच्या मधे त्याची जागा आहे.

या नोंदीत त्याचं नाव वारंवार येणार. कामातला त्याचा वाटा मोठा आहे आणि तो मला नीट लिहून ठेवायचा आहे.

24 जून

कार्डाचा नमुना ठरला: नाव, लेखक, प्रकाशक, छापखाना, साल, आवृत्ती, पृष्ठं, आकार, मूळ किंमत, बांधणी, दोष, मालकी-खुणा. जुन्या पुस्तकांवर साल शकात असतं. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते गुढीपाडवा या मुदतीतलं पुस्तक असेल तर 79. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर छापखान्याचं नाव आणि किंमत यांवरून अंदाज करता येतो. आणे लिहिलेले असले की 1957 च्या आधीचं, कारण त्या वर्षी नवे पैसे आले.

पाऊस सुरू झालाय. कसर आणि वाळवीचे दिवस. दुसरे दुकानदार या दिवसांत रॅकमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतात. आमच्याकडे खंड्या आल्यापासून त्या बंद आहेत, कुत्र्याच्या पोटात गेल्या तर विषच. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वरच्या फळ्यांवर पुरचुंडीत वेखंड. पाला दर पंधरवड्याला बदलावा लागतो, पण हाताला वास चांगला येतो.

त्याहून जपावं लागतं ते खळीला. आमचे बाइंडर कणकेची खळ करतात आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. पिढ्यानपिढ्याची रीत आहे आणि पुस्तकासाठी चांगलीही आहे. कुत्र्याला मात्र कणकेचा वास लागतो, निळसर रंगाचं त्याला काय! म्हणून दुकानात बसून दुरुस्ती करायची असेल तेव्हा बिनमोरचुदाची खळ, रोज ताजी, उरली तर फेकायची. मोरचुदाची खळ बाइंडरांच्याच घरी. ते कुरकुरले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी खंड्यासाठी पुठ्ठ्याच्या कातरणाचा एक गठ्ठा आणला, खाली अंथरायला.

9 जुलै

रामबागेतलं घर. पहिला मजला, लाकडी जिना, दोन भिंतीतली कपाटं. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. लेक पुण्याहून फोनवर सूचना देत होती, आजी नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. अशा वेळी मला बोलायला सुचत नाही. पुस्तकं उतरवणाऱ्या माणसाशी कुणी काय बोलावं?

खंड्या खाली रिक्षाजवळ थांबणार होता. पाऊस आला म्हणून वर आणला. दारात पाय झटकले, खोलीचा एकदा वास घेतला आणि तो सरळ आजींच्या खुर्चीजवळ जाऊन बसला.

"चावत नाही ना गं हा?"

"नाही आजी."

"आमचा मोत्या चावायचा." थोडं थांबून म्हणाल्या, "माणसांना नाही. पुस्तकांना."

आणि मग बोलणं सुरू झालं ते थांबेचना. आजोबा शाळेत शिक्षक. संध्याकाळी मोत्याला घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत जाऊन यायचे, मग दिवा लागला की मोठ्यानं वाचायचे. आजी स्वयंपाकघरातून ऐकायच्या, मोत्या उंबऱ्यावर. कीर्तनासारखं वाचायचे, म्हणाल्या, पूर्ण घराला ऐकू जाईल असं. हे सगळं सांगताना त्यांचा हात खंड्याच्या मानेवर होता आणि डोळे कपाटाकडे. लेकीचा फोन पुन्हा आला तेव्हा "आता मी बोलत्येय, नंतर कर," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

खालच्या फळीवरून शब्दकोशाचा एक जाड खंड काढून त्यांनी माझ्या हातात दिला. कापडी बांधणी, रंग उडालेला. मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा: दोन खोल, दोन उथळ, आणि मणक्याच्या टोकाशी कापड फाटून आतली दोरी दिसत होती. बोट फिरवलं की खळगे कळतात. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात: "मोत्या, दिवाळी 1964."

त्या काळच्या बांधणीत सरस असायचा, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून काढलेला, आणि त्यावर कणकेची खळ. कुत्र्याला जुन्या पुस्तकाच्या मणक्याची ओढ वाटते ती त्यामुळे. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असेल. पण त्या दिवाळीत हे एका भाषांतराला बसले होते आणि फिरायला जाणं बंद होतं. मला वाटतं तो रागावला होता."

टिपणासाठी लागणारं जवळजवळ सगळं एका बसण्यात मिळालं. मी एकटी गेले असते तर पुस्तकांची संख्या आणि भाव, एवढं घेऊन परतले असते.

17 जुलै

रामबागेच्या सूचीतली शब्दकोशाची नोंद अडली आहे. आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे दातांच्या खुणा "दोष" या रकान्यात जातात: "मागील पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडलेला, मणका खालच्या बाजूस फाटका." त्याप्रमाणे किंमत उतरते. गिऱ्हाइकाला आधी सांगणं हा प्रामाणिकपणाच आहे आणि त्यात मी बदल करणार नाही.

पण मालकाची सही, वाचनालयाचा शिक्का, "चि. सौ. कां. हिला विवाहप्रसंगी सप्रेम भेट", हे सगळं मी "मालकी-खुणा" मध्ये लिहिते. त्या खुणांमुळे पुस्तक कुणाच्या हातून गेलं ते कळतं. मोत्याच्या खुणा दुसरं काय सांगतात? त्या पुस्तकाजवळ तो रोज होता, त्याच्या मालकानं ते पुस्तक रोज उघडलं, एका दिवाळीत जरा जास्तच उघडलं. शिवाय मालकानं स्वतः तारीख घातली आहे. ज्याला खूण पुसायची असते तो तारीख घालत नाही.

ठरलं: दोन्ही रकान्यांत लिहायचं. दोषात वर्णन, मालकी-खुणांत नाव आणि साल.

आज पहाटे आजोबांच्या वाचनाबद्दलचं टिपण मोठ्यानं वाचून पाहिलं. लिहिलेलं वाचून पाहिल्याशिवाय वाक्य कुठं अडखळतं ते मला कळत नाही. रिकाम्या दुकानात एकटीनं मोठ्यानं वाचणं मला कधीच जमलं नसतं, आवाज आपोआप खाली येतो. खंड्या असला की येत नाही. तो कान टवकारत नाही, काही नाही. हनुवटी पंजांवर ठेवून पडलेला असतो, पण डोळे उघडे असतात आणि मी थांबले की वर बघतो. तेवढं पुरतं. समोर कुणीतरी आहे म्हणताना आवाजाला बोलण्याची गती येते आणि जे वाक्य माणूस बोलणार नाही ते लगेच उघडं पडतं. तीन ठिकाणी खोडलं.

3 ऑगस्ट

संस्कृत शिकवून निवृत्त झालेले काका दर रविवारी येतात. विकत फारसं घेत नाहीत, पण पोथ्यांची गाठोडी सोडून त्यांची पानं क्रमानं लावून देतात, ते काम दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मोत्याची नोंद त्यांना दाखवली. सूचीत कुत्रा आणायचा का, असं कुणी विचारलं तर काय सांगू, म्हणाले मी.

"व्यासांनी मोजलाय की गं त्याला," काका म्हणाले. "महाप्रस्थानाला निघाले किती? पाच भाऊ, द्रौपदी सहावी आणि कुत्रा सातवा. संख्या घातलीय."

रात्री महाप्रस्थानिक पर्व काढून वाचलं. अठरा पर्वांतलं सतरावं, तीनच अध्यायांचं. वाटेत एकेक जण पडतो आणि का पडला याचं कारण युधिष्ठिर सांगतो. कुत्र्याबद्दल वाटभर कुणी काही बोलत नाही, तो नुसता चालतो आहे. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोड म्हणतो, तेव्हा युधिष्ठिर म्हणतो की भक्ताचा त्याग ब्रह्महत्येइतकाच पातकी. कुत्रा म्हणजे धर्म होता, हे पुढे कळतं. नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. मला त्या प्रसंगात सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट. तो एका साध्या, धुळीनं माखलेल्या, बरोबर चालत आलेल्या कुत्र्यासाठी अडून बसला होता.

कार्डात एक रकाना वाढवला: "घरातली माणसं आणि जनावरं". झालेल्या घरांना परत फोन करून विचारायला घेतलं. टिळक नगरात एक पोपट होता, आजोबा पंचांग वाचायला बसले की "आज काय, आज काय" ओरडायचा. जेल रोडच्या घरात पिढ्यानपिढ्या मांजरं, आणि मुलांच्या मासिकांच्या गठ्ठ्यात अजून केस सापडतात. एका घरानं "नव्हतं काही" म्हणून फोन ठेवला आणि अर्ध्या तासानं परत केला: होता, एक रस्त्यावरचा, घरात यायचा नाही पण वडील गॅलरीत वर्तमानपत्र वाचायला बसले की खाली येऊन बसायचा. वडिलांनी त्याचं नाव ठेवलं नव्हतं. तरी लिहिलं.

13 ऑगस्ट

सर्वोच्च न्यायालयाचा 11 तारखेचा आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता आहे: रस्त्यावरची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. पण बाजारात दिवसभर दुसरा विषय नाही. समोरचा चहावाला तीनदा विचारून गेला, "दीदी, खंडू को तो नहीं ले जाएँगे?" खंड्याच्या कानाच्या टोकाला नसबंदीची खाच आहे, रेबीजची लस दर वर्षी असते, गळ्यात पट्टा आहे, रात्री तो माझ्या घरी झोपतो. त्याला कुणी नेणार नाही. चहाच्या टपरीमागच्या दोघींना मात्र पट्टा नाही.

कुत्रं चावून पोर दगावतं हे खरं आहे, त्या आईबापांचं दुःख खोटं म्हणता येणार नाही. पण केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म-नियंत्रण नियमांनी सांगितलेला मार्ग मला पटतो: नसबंदी करा, लस द्या, होती त्याच जागी सोडा. तो नेटानं राबवायला हवा. दोघींच्या लसीचा खर्च बाजारातल्या पाच-सहा दुकानांनी वाटून घ्यायचं ठरलं.

23 ऑगस्ट

काल तीन न्यायमूर्तींच्या पीठानं आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळून. खायला घालायच्या जागा ठरवून द्यायच्या. दोघींची लस झाली. सूचीचं काम आठवडाभर मागे पडलंय.

3 सप्टेंबर

खंड्या काल सकाळपासून जेवला नाही. संध्याकाळी पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला लाल बारीक ठिपके दिसले. ताप 104. कुत्र्याचा साधारण 101 ते 102.5 असतो. आज डॉक्टरांनी रक्त काढलं: प्लेटलेट 48 हजार, दोन लाखांच्या घरात हव्यात. गोचीड-ताप. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, पोटात अन्न असल्याशिवाय द्यायची नाही आणि गोळीमागून पाणी पाजायचं, नाहीतर घशाला जळते.

डॉक्टरांनी हिरडी बघायला शिकवलं. अंगठ्यानं दाबायची, पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. रात्री दर तासाला उठून ओठ वर करून बघत होते. तो बघू देत होता.

लिहिणं नाही.

7 सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. गिरण्या बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात आणि रात्रभर राजवाड्याचा सगळा परिसर ढोल-ताशांनी हलतो. खंड्याला घरीच ठेवलं, खिडक्या बंद करून. दुपारी त्यानं ताकभात खाल्ला, चार घास. मग स्वतः उठून पाणी प्यायला गेला.

दुकानात तो नाही म्हणून गिऱ्हाइकं विचारतात. रामबागेच्या आजींना कुणाकडून तरी कळलं. त्यांनी रिक्षावाल्याच्या हाती डब्यात मऊ मुगाची खिचडी पाठवली, चिठ्ठीसकट: "कांदा लसूण नाही, मीठ नाही. मोत्याला आजारपणात हेच देत असे." डॉक्टरांना विचारलं, चालेल म्हणाले. त्यानं सगळी खाल्ली.

4 ऑक्टोबर

गोळ्या संपल्या. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. आज तो दुकानात आला, दारातल्या प्रत्येक माणसाचा वास घेऊन झाला आणि टेबलाखाली जाऊन पडला.

या आजारानं कामाचा क्रमच बदलला, तो असा. गोचिडीची मादी रक्त पिऊन फुगली की कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या, लाकडाच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. कुत्रा बरा झाला तरी दुकान साफ झालं नाही तर परत तेच. आणि पुस्तकांजवळ औषध फवारता येत नाही, कागदावर डाग पडतात. म्हणून खालच्या दोन्ही ओळींचे रॅक पूर्ण रिकामे केले, प्रत्येक फट जुन्या टूथब्रशनं घासली, उकळतं पाणी ओतलं, उन्हात वाळवलं, फटी लांबीनं बुजवल्या. काका, चहावाल्याचा मुलगा, बाइंडर, सगळे लागले होते.

खालच्या ओळींत बाबांच्या काळापासून न उघडलेले गठ्ठे होते. त्यांतल्या काहींना मूळ सुतळी आणि त्यावर बाबांच्या अक्षरात घराचा पत्ता. म्हणजे मी आत्ता जे करायला घेतलंय त्याची सोय बाबांनी गठ्ठे न मोडून करून ठेवली होती. आता आधी हे गठ्ठे, मग नवी घरं. त्यांतली दोन घरं उभीच नाहीत, तरी त्या गल्ल्यांतल्या शेजाऱ्यांना विचारता येईल.

22 ऑक्टोबर

दिवाळी अंकांची धामधूम संपत आली. 1909 मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही प्रथा इंदुरात अजून चालू आहे. सहा-सहा अंक एकदम नेणारी घरं आहेत, तीन घरं मिळून आळीपाळीनं वाचणारीही आहेत.

फटाक्यांच्या रात्री खंड्याजवळ बसून जुने दिवाळी अंक सूचीत चढवले. आवाज झाला की तो अंगाला अंग लावून घ्यायचा आणि मी हातातल्या अंकाची अनुक्रमणिका मोठ्यानं वाचायची. लेख, कथा, कविता, वार्षिक भविष्य. आवाज एकसारखा चालू राहिला की त्याची थरथर कमी होते. पहाटेपर्यंत बरंच काम झालं.

26 नोव्हेंबर

चंपाषष्ठी. घरात तळी भरली, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून. चातुर्मासात बंद असलेलं वांगं आज परत पानात आलं, बाजरीची भाकरी आणि भरीत. खंडोबाच्या नैवेद्यातला वाटा कुत्र्याला द्यायची आमच्या घरची रीत आहे. त्याच्या वाट्याचं वांगं कांदा-लसूण-मिरची घालायच्या आधीच बाजूला काढलं, कारण कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या गावात सकाळी पोह्यांवर कच्चा कांदा आणि शेव घालून खाणारी माणसं प्रेमानं घासभर कुत्र्यापुढे टाकतात. त्यांना रोज सांगावं लागतं. मनुकाही नको, त्यानं मूत्रपिंडं जातात. जिलबीचा आग्रह तर नकोच नको.

भाकरीचा तुकडा त्यानं तोंडात धरून दारापर्यंत नेला आणि बाहेर ओट्यावर बसून खाल्ला. मग राजवाड्यापर्यंत फिरून आलो. देवळापाशी गर्दी होती, एका लहान मुलीनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. पिवळा टिळा घेऊन तो दिवसभर दुकानात बसला आणि जो येईल तो त्यालाच आधी नमस्कार करत होता.

दुपारी रामबागेच्या आजी आल्या, लेक पुण्याहून आली होती तिच्याबरोबर. जिना, रिक्षा, परत पायऱ्या, एवढं करून आल्या. टिपण वाचून दाखवलं. "कीर्तनासारखं" या शब्दावर त्यांनी मान हलवली. एक दुरुस्ती सांगितली: मोत्या उंबऱ्यावर बसायचा नाही, उंबऱ्यावर बसलेलं सासूबाईंना चालायचं नाही. तो उंबऱ्याच्या आत, दाराच्या फळीला टेकून बसायचा. त्यांच्यासमोरच बदललं. लेक म्हणाली, "आई, तू हे मला कधी सांगितलं नाहीस." आजी म्हणाल्या, "तू बसलीस कुठे?" आणि तिचा हात ओढून खंड्याच्या पाठीवर ठेवला.

17 डिसेंबर

पुस्तिकेची पानं जुळवायला उद्या द्यायची. बाबांच्या गठ्ठ्यांतली घरं धरून संग्रह पुरेसे झाले. "जनावरं" या रकान्यातल्या नावांची वेगळी सूची शेवटी जोडावी असं काकांचं म्हणणं. मला ते नको आहे. माणसांपासून वेगळं काढून त्यांना शेवटच्या पानावर बसवलं तर ती गंमतीची गोष्ट होईल. ज्या घरात जो होता, त्याच घराच्या टिपणात त्याचं नाव, माणसांच्या नावांच्या ओळीतच. काकांना पटलं.

मोत्याच्या दातांचा शब्दकोश विकायचा नाही असं मनात होतं, पण आजींनीच सांगितलं की कुणाला रोज लागणार असेल तर दे, कपाटात ठेवून काय. भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी मागितला आहे. दोष दाखवले, मालकी-खूण दाखवली. त्यांनी किंमत कमी करू नका म्हटलं. मी नेहमीच्या हिशोबानं कमी केली, दोष तो दोष. पुढच्या आठवड्यात घेऊन जातील.

सोमवारी पलासियाजवळचं एक घर बघायचं आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजारापासून खंड्याचे मागचे पाय जिन्यावर दुखतात, म्हणून बाईंना फोनवर विचारलं की आधी खालीच, पार्किंगमध्ये बसून बोललं तर चालेल का. चालेल म्हणाल्या, दोन खुर्च्या टाकते, ऊनही असतं तिथे. त्यांच्याकडे मांजर आहे का ते विचारायचं राहिलं. उद्या सकाळी परत फोन करायचा.